आयातशुल्क शून्य, तरी ट्रक अडतोच: व्यापारी गट सोडल्यावर नेमकं काय बदलतं?

गलबत (धागाकर्ता)

मंडळी, ब्रेक्झिटवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक सार्वमत, तेव्हाचे पंतप्रधान मे बाई व जॉन्सन आणि 'जीडीपी इतके टक्के घसरला' यापुढे जात नाही. मला यंत्रणा समजून घ्यायची आहे. ब्रिटन आणि युरोपीय संघ (ईयू) यांच्यात २४ डिसेंबर २०२० ला झालेल्या करारात आयातशुल्क शून्य आणि कोटाही नाही, असं स्पष्ट लिहिलंय. मग १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश निर्यातदारांची रड कशाबद्दल आहे? 'कागदपत्रं वाढली' हे उत्तर ठिकठिकाणी मिळतं, पण कोणती कागदपत्रं, ती कोण भरतं आणि गाडी अडते नेमकी कुठे?

दुसरं म्हणजे ब्रेक्झिटमुळे ४ टक्के नुकसान, हा ओबीआरचा (ब्रिटनची अधिकृत अर्थ-अंदाज संस्था) आकडा. ती झालेली घसरण आहे की अंदाज? आणि राजकीय बाजूने, ब्रिटनसारख्या मोठ्या अर्थव्यवस्थेला वाटाघाटीत इतकं नमतं का घ्यावं लागलं? दुसऱ्या एखाद्या गटातून कोणी बाहेर पडलं असेल तर तेही लिहा.

'बरं झालं की वाईट' यावर धुळवड नको. तिच्यासाठी वेगळे धागे आहेत.

---

कारकून

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू, नाहीतर पुढे सगळा गोंधळ होतो.

मुक्त व्यापार करारात दोन देश एकमेकांच्या मालावर शुल्क लावत नाहीत, पण बाहेरच्या जगासाठी ज्याचं त्याचं दरपत्रक वेगळं राहतं. त्यामुळे माल खरंच भागीदार देशात बनलाय की तिसरीकडून आणून पुढे ढकललाय, हे सिद्ध करावं लागतं. सीमाशुल्क संघात बाहेरच्या जगासाठी सगळ्यांचं एकच दरपत्रक असतं, म्हणून आत फिरणाऱ्या मालाला 'तू कुठला?' असं कोणी विचारत नाही. एकल बाजारपेठेत मालाचे नियम एक, ते पाळले जातात की नाही हे बघणारी व्यवस्था एक आणि वाद गेला तर वरचं न्यायालयही एक. म्हणून आतल्या सीमेवर तपासणी लागत नाही.

नॉर्वे एकल बाजारात आहे पण सीमाशुल्क संघात नाही, त्यामुळे स्वीडनच्या सीमेवर आजही कस्टम्स चौक्या आहेत. तुर्कस्तानचं उलटं. औद्योगिक मालापुरता तो संघात आहे, बाजारात नाही; बल्गेरियाच्या सीमेवरच्या कापिकुले नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा त्यातून येतात. ब्रिटन दोन्हीतून बाहेर पडला. शून्य शुल्काचा करार यातल्या फक्त पहिल्या पायरीवरचा आहे.

आता 'शून्य शुल्क' मिळतं कोणाला? ज्या मालाचं मूळ ब्रिटिश किंवा ईयूचं आहे त्यालाच. बांगलादेशात शिवलेला शर्ट थेट रॉटरडॅमला उतरला तर अल्पविकसित देशांच्या सवलतीत शुल्काविना आत येतो. तोच शर्ट ब्रिटनमधल्या गोदामासाठी आयात करून मोकळा केला आणि मग डब्लिनला पाठवला, तर १२ टक्के लागतात. शर्टावर ब्रिटनमध्ये काहीच प्रक्रिया झालेली नाही, म्हणून तो ब्रिटिश नाही. आणि बांगलादेशची सवलत वाटेत मोकळा केल्यामुळे गेली. आयर्लंडमधल्या दुकानांना ब्रिटनमधल्या मध्यवर्ती गोदामातून माल पुरवणाऱ्यांना २०२१ च्या जानेवारीत पहिला दणका बसला तो इथे. उपाय दोन: माल बंधित (शुल्क न भरता ठेवायच्या) गोदामातच ठेवून ट्रान्झिटमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये मोकळा न करता, पुढे काढायचा, किंवा आयर्लंडचा साठा ब्रिटनला वळसा घालून थेट न्यायचा. दुसरा उपाय बऱ्याच जणांनी धरला. आयर्लंडच्या रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्सला जाणाऱ्या फेऱ्या त्यानंतर कशा वाढल्या ते बघा.

मोटारींचं याहून किचकट आहे. करारात फक्त दोघांमधलं मूळ एकत्र धरतात. जर्मन गिअरबॉक्स ब्रिटिश गाडीत ब्रिटिश म्हणून मोजला जातो; जपानी किंवा तुर्की मोजला जात नाही. विजेच्या गाडीत बाहेरच्या भागांची मर्यादा आधी ६० टक्के होती आणि २०२४ पासून ती आवळायची होती. बॅटरी आशियातून येत असल्याने ते दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये मुदत २०२६ अखेरपर्यंत ढकलली. नाहीतर 'शून्य शुल्क' करार असतानाही १० टक्के लागले असते.

मूळ सिद्ध करायला इनव्हॉइसवर ठरावीक मजकुराचं निवेदन छापायचं. ब्रिटिश निर्यातदाराने त्यात ईओआरआय (सीमाशुल्क नोंदणी) क्रमांक टाकायचा. ईयूच्या निर्यातदाराला ६,००० युरोंच्या वरच्या मालासाठी आरईएक्स (नोंदणीकृत निर्यातदार) क्रमांक लागतो. एकाच प्रकारचा माल वारंवार जात असेल तर एक निवेदन १२ महिने चालतं. वाक्य लिहायला दोन मिनिटं लागतात, त्यामागचा पुरावा जमवायला आठवडे: प्रत्येक सुट्या भागाचा एचएस कोड (मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक), किंमत, पुरवठादाराची घोषणा. कागद चार वर्षं सांभाळायचे. पुढे पडताळणीत निवेदन टिकलं नाही तर शुल्क भरावं लागतं आयातदाराला, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाला. त्यामुळे जिथे मूळचा दरच २-३ टक्के आहे तिथे अनेक जण सवलत मागतच नाहीत, गुपचूप शुल्क भरून मोकळे होतात.

---

कारकून

प्रतिसाद लांबला म्हणून दुसऱ्यात. 'गाडी अडते कुठे' याचं उत्तर चेडर चीजच्या एका खेपेवर सांगतो.

२०२० पर्यंत इंग्लंडमधल्या सॉमरसेटहून फ्रान्समधल्या लीलला चीज पाठवायला इनव्हॉइस आणि वाहतुकीची चिठ्ठी पुरायची. आता:

चीज बनवणारं आणि साठवणारं ठिकाण ईयूने मान्य केलेल्या यादीत असावं लागतं. प्रत्येक खेपेसाठी निर्यात आरोग्य प्रमाणपत्र काढायचं. त्यावर अधिकृत पशुवैद्याची सही लागते, स्वतः कंपनीची चालत नाही. प्रमाणपत्र इंग्रजीसोबत फ्रेंचमध्येही हवं, कारण तपासणी कॅलेला होते. छापील नमुन्यातली जी कलमं लागू नाहीत ती पशुवैद्याने खोडायची आणि खोडलेल्या जागी सही-शिक्का मारायचा. सुरुवातीच्या महिन्यांत गाड्या अडल्या त्यातल्या कितीतरी अशा एखाद्या राहून गेलेल्या शिक्क्यामुळे, चीजमध्ये काही खोट होती म्हणून नव्हे.

तिकडे फ्रेंच आयातदाराने ट्रक पोचण्याआधी ईयूच्या ट्रेसेस या ऑनलाइन प्रणालीत आगाऊ सूचना टाकायची. ब्रिटनचं निर्यात डिक्लरेशन वेगळं, फ्रान्सचं आयात डिक्लरेशन वेगळं, सुरक्षा डिक्लरेशन आणखी वेगळं. वाहतूकदाराने सगळे क्रमांक गाडीच्या नंबरशी जोडून जीएमआर, म्हणजे त्या फेरीचा एकत्रित संदर्भ क्रमांक, काढायचा; तो नसेल तर डोव्हरला चेक-इनच होत नाही. फ्रेंच बाजूला बारकोड गाडीच्या नंबर-प्लेटशी जोडला जातो आणि बोट खाडी ओलांडत असतानाच ठरतं की ट्रक हिरव्या रांगेत सरळ बाहेर जाणार की नारिंगी रांगेत थांबणार. चीजसारख्या प्राणिजन्य मालाला नारिंगी चुकत नाही. आणि लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा: गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं. चीज निर्दोष आणि पॅलेट बिनशिक्क्याचं, असंही होतं.

मोठ्या कंपनीचा अख्खा ट्रक एकाच मालाचा असतो. एक प्रमाणपत्र, वीस टन चीज, खर्च किलोमागे नगण्य. लहान उत्पादकाचं चीज मात्र दहा-पंधरा जणांच्या मालासोबत एका ट्रकमध्ये जायचं. आता त्यातल्या एकाचा कागद चुकला की सगळ्यांचा माल थांबतो, आणि थंड माल थांबला की विक्रीचे दिवस जातात. त्यामुळे वाहतूकदारांनी मिश्र खेपा घेणंच कमी केलं. खर्च मालाच्या किमतीवर नाही तर खेपेवर बसतो, हे डोक्यात ठेवलं की 'शून्य शुल्क असून लहानांचीच निर्यात का बंद पडली' हे कोडं राहत नाही.

तरीही करार नसता तर काय झालं असतं तेही बघा: चेडरवर ईयूचं सर्वसाधारण शुल्क १०० किलोला १६७ युरोंच्या आसपास आहे. म्हणजे करार फुकट नव्हता.

काही माल कोणत्याही कागदाने जात नाही. न गोठवलेली सॉसेज, बियाण्याचे बटाटे, ब वर्गाच्या (कमी स्वच्छ) पाण्यातले शुद्ध न केलेले जिवंत शिंपले. हे ईयूचे बाहेरच्या सगळ्या देशांसाठीचे जुने नियम आहेत, ब्रिटनवर खुन्नस म्हणून केलेले नाहीत. ते लिहिले गेले तेव्हा ब्रिटन टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेला होता.

आणि एक चूक जी आजही होते: किंमत 'डीडीपी' (आयातशुल्क-करांसह दारापर्यंत) सांगून टाकायची. पूर्वी दारात माल पोचवायची किंमत सांगणं साधी गोष्ट होती. आता डीडीपी म्हटलं की ईयूमधला आयातदार तुम्हीच झालात. तिकडचा ईओआरआय, व्हॅट नोंदणी आणि ईयूमध्ये स्थापन झालेला, तुमच्यासोबत शुल्काची जबाबदारी अंगावर घेणारा अप्रत्यक्ष प्रतिनिधी लागतो. एजंट ती जबाबदारी सहजी घेत नाहीत. उलट टोकाला 'ईएक्सडब्ल्यू' (माल तुमच्या दारातूनच गिऱ्हाइकाने उचलायचा) विकलं तर निर्यात डिक्लरेशन कोणी भरायचं हा घोळ, कारण खरेदीदार ब्रिटनमध्ये स्थापित नाही. 'डीएपी' (दारापर्यंत, पण आयातशुल्क गिऱ्हाइकाचं) किंवा 'एफसीए' (निर्यातीचे कागद करून माल वाहतूकदाराच्या हाती देणं) धरा आणि गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगा की आयात त्याच्या नावावर होणार.

---

तराजू

४ टक्क्यांबद्दल.

ती मोजलेली घसरण नाही. ब्रिटन ईयूत राहिला असता तर दीर्घकाळात उत्पादकता जिथे पोचली असती, त्यापेक्षा ती ४ टक्के खाली राहील असं ओबीआरचं गृहीतक आहे, आणि तो परिणाम साधारण १५ वर्षांत पसरलेला आहे. बाहेरच्या अनेक अभ्यासांच्या सरासरीवर ते बेतलंय. त्याच्या जोडीला दुसरं गृहीतक: आयात आणि निर्यात दोन्ही, राहिल्याच्या तुलनेत, १५ टक्के कमी. 'दोन्ही' हा शब्द वाचताना सुटतो. आयात कमी झाली म्हणजे देशाचा फायदा असं समजणारे इथे फसतात. स्वस्त सुटे भाग आणि स्पर्धा आयातीतूनच येतात.

म्हणूनच 'ब्रिटनचा जीडीपी वाढतोय, मग ४ टक्के कुठे गेले?' हा प्रश्न चुकीच्या जागी नेम धरतो. तुलना कालच्या ब्रिटनशी नाही, न घडलेल्या ब्रिटनशी आहे. न घडलेला ब्रिटन मोजायला त्याच्यासारखे वागणारे देश ठरावीक प्रमाणात मिसळून एक जोड-देश तयार करतात आणि २०१६ नंतर दोघांत किती अंतर पडलं ते बघतात. पद्धत चांगली आहे, पण २०२० ची महामारी आणि २०२२ ची ऊर्जा-दरवाढ मध्ये आल्याने अंतरातलं किती ब्रेक्झिटचं यावर भांडायला जागा राहते.

परिणाम आला कोणत्या वाटेने? पहिला तडाखा व्यापाराचा नव्हताच. २४ जून २०१६ ला पौंड एका दिवसात सुमारे ८ टक्के पडला. निर्यातीला त्याचा फायदा व्हायला हवा होता, पण निर्यातीच्या मालात आयात केलेले भाग इतके असतात की फायदा अर्धामुर्धा राहिला आणि महागाई मात्र पूर्ण आली. दुसरी वाट गुंतवणुकीची: नियम काय असतील हे साडेचार वर्षं ठरत नव्हतं, तेव्हा कारखाना वाढवायचा निर्णय कोण घेणार? धंद्यातली गुंतवणूक २०१६ नंतर जागच्या जागी राहिली. ओबीआरने २०२१ मध्ये म्हटलं होतं की त्या ४ टक्क्यांतला सुमारे दोन पंचमांश परिणाम नवा करार लागू होण्याआधीच होऊन गेलाय. म्हणजे नुसत्या अनिश्चिततेचा.

दुसऱ्या बाजूचंही नोंदवतो. मे २०१६ मध्ये ब्रिटिश ट्रेझरीने सांगितलं होतं की 'लीव्ह'ला कौल मिळाला तर लगेच मंदी येईल आणि बेरोजगार ५ लाखांनी वाढतील. तसं काही झालं नाही. दीर्घ पल्ल्याचा अंदाज आणि लगेचच्या धक्क्याचा अंदाज या वेगळ्या गोष्टी होत्या, पण एक फसल्यावर लोकांनी दुसराही कचऱ्यात टाकला. अर्थतज्ज्ञांची पत तिथे गेली ती गेलीच.

---

खडूस पंत

वरचं बहुतेक मान्य. पण धागा एकाच बाजूला कलतोय, म्हणून.

सेवांची निर्यात बघा. पासपोर्टिंग (ब्रिटिश परवान्यावर सगळ्या ईयूत वित्तसेवा विकायची मुभा) गेलं, जानेवारी २०२१ मध्ये शेअर-व्यवहारात ॲम्स्टरडॅमने लंडनला मागे टाकलं, औषध संस्था ॲम्स्टरडॅमला आणि बँकिंग प्राधिकरण पॅरिसला गेलं. एवढं होऊनही ब्रिटनची सेवा-निर्यात चांगली वाढली. वस्तूंच्या निर्यातीचं रडगाणं सगळ्या अर्थव्यवस्थेला चिकटवू नका.

स्वतंत्र व्यापार धोरण मिळालं हेही खरं. २०२५ मध्ये अमेरिकेने ब्रिटनच्या मालावर १० टक्के आयातशुल्क लावलं, ईयूच्या मालावर १५. भारताशी २४ जुलै २०२५ ला करार झाला. स्कॉच व्हिस्कीवरचं भारतीय शुल्क १५० वरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार. हे गटात राहून ब्रिटनला एकट्याने करता आलं नसतं.

---

तराजू

पंत, सेवांचा मुद्दा बिनशर्त मान्य.

अमेरिकेच्या आकड्यात मेख आहे. २०२५ मधले ईयूचे १५ टक्के सगळं धरून होते, म्हणजे मूळ दर त्यातच आला. ब्रिटनचे १० टक्के मूळ दराच्या वर लागत होते. ज्या मालावर अमेरिकेचा मूळ दर ५ टक्क्यांपेक्षा जास्त होता तिथे ब्रिटिश मालच महाग पडत होता. कमी दराच्या मालात ब्रिटनचा फायदा. एकच आकडा समोरासमोर ठेवून उपयोग नाही.

आणि नव्या करारांचं वजन तपासा. ऑस्ट्रेलियाच्या कराराचा फायदा ब्रिटिश सरकारच्याच अंदाजात २०३५ पर्यंत जीडीपीच्या ०.०८ टक्के. सीपीटीपीपीत (पॅसिफिकभोवतालच्या देशांचा व्यापार करार) ब्रिटन १५ डिसेंबर २०२४ ला गेला, त्याचाही सरकारी अंदाज ०.१ टक्क्याच्या आत. यात कोणाची नालायकी नाही. व्यापार अंतराने घटतो, आणि शेजारच्या २७ देशांतलं गेलेलं दूरच्या डझनभर देशांतून भरून काढणं अवघडच.

---

गलबत (धागाकर्ता)

कारकूनसाहेब, तराजू, पंत, मनापासून आभार. 'खर्च खेपेवर बसतो' यावरून बरंच उलगडलं. राजकीय बाजूवर कोणी लिहील का? आणि उत्तर आयर्लंडचा गुंता मला अजून नीट लागलेला नाही.

---

सीमावर्ती

नमतं का घ्यावं लागलं, याचं पहिलं कारण घड्याळ. लिस्बन कराराच्या ५० व्या कलमानुसार नोटीस दिली की दोन वर्षं. त्या मुदतीत करार झाला नाही तर आपोआप बाहेर, कराराविना. मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्यांची संमती हवी. म्हणजे वेळ जाईल तसा दबाव बाहेर पडणाऱ्यावर वाढतो. हाती असलेली एकच पत्ती म्हणजे नोटीस कधी द्यायची, आणि ती मे बाईंनी २९ मार्च २०१७ ला खेळून टाकली, मंत्रिमंडळात आपल्याला नेमकं काय हवंय हे ठरण्याआधी. त्यावर जूनमध्ये मुदतपूर्व निवडणूक घेऊन बहुमत घालवलं आणि डीयूपी या उत्तर आयर्लंडमधल्या, ब्रिटनशी एकनिष्ठ पक्षाच्या १० खासदारांच्या टेकूवर सरकार आलं. उत्तर आयर्लंडच्या प्रश्नावर सर्वांत ताठर असलेला पक्ष नेमका सरकारचा खांब झाला.

दुसरं, क्रम. ईयूने सांगितलं, आधी घटस्फोट: नागरिकांचे हक्क, देणी, आयर्लंडची सीमा. व्यापार नंतर. ब्रिटनला हे दोन्ही एकत्र हवं होतं, म्हणजे देण्यांच्या बदल्यात बाजारपेठ मागता आली असती. जून २०१७ मध्ये ब्रिटनने ईयूचा क्रम मान्य केला तिथेच निम्मा डाव गेला. अंदाजे ३९ अब्ज पौंडांचं ते 'बिल' दंड नव्हतं, हे सांगायला हवं. २०१४-२० च्या अंदाजपत्रकात कबूल केलेले पैसे, पेन्शनची देणी, असं ते होतं.

तिसरं, आकार. ब्रिटनची ४० टक्क्यांहून जास्त निर्यात ईयूकडे जायची. उलट दिशेने आयर्लंड सोडला तर एकेका देशाचा हिस्सा त्यामानाने किरकोळ. ब्रिटन मोठा आहे हो, पण समोर सगळे मिळून बसले होते. शिवाय बाहेरच्याला सभासदाइतकंच द्यायचं तर सभासदत्वाला अर्थ काय उरला, ही त्यांची अडचणही खरीच होती.

आता आयर्लंड. तीन गोष्टी हव्या होत्या: ब्रिटन एकल बाजार आणि सीमाशुल्क संघातून बाहेर, आयर्लंड बेटावर चौक्या नकोत, कारण १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर ती साधारण ५०० किलोमीटरची सीमा उघडी आहे आणि तिथे चौकी म्हणजे पुन्हा निशाणा, आणि उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन यांच्यामध्ये तपासणी नको. यातल्या कोणत्याही दोन मिळतात, तिन्ही मिळत नाहीत. दोन वेगळ्या नियमांचे प्रदेश एकमेकांना भिडले की तपासणी कुठेतरी होणारच. ती जमिनीवर ठेवा, समुद्रात ठेवा किंवा नियमच सारखे ठेवा.

मे बाईंनी तिसरी वाट धरली. तोडगा निघेपर्यंत सगळं ब्रिटन सीमाशुल्क संघात. १५ जानेवारी २०१९ ला संसदेने तो करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. गंमत अशी की विरोधात गेलेल्यांमध्ये 'हे बाहेर पडणं पुरेसं नाही' म्हणणारे आणि 'बाहेर पडूच नका' म्हणणारे, दोन्ही होते. २०१६ च्या सार्वमताच्या मतपत्रिकेवर 'सोडायचं का' एवढंच विचारलं होतं, 'सोडून जायचं कुठे' हे नव्हतं. ५१.९ टक्क्यांच्या त्या बहुमतात नॉर्वेसारखं नातं हवं असणारे आणि काहीच नातं नको असणारे एकत्र मोजले गेले. पुढची साडेतीन वर्षं संसद त्याचं व्याज भरत होती.

जॉन्सननी सीमा समुद्रात नेली. उत्तर आयर्लंड वस्तूंपुरता ईयूच्या नियमांत, तपासणी लार्न आणि बेलफास्ट बंदरांत. मग डीयूपी बिथरली आणि फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं स्टॉरमाँटचं, म्हणजे उत्तर आयर्लंडचं, सरकार बंद. मध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडसर चौकट झाली: उत्तर आयर्लंडमध्येच विकला जाणारा माल हिरव्या मार्गाने, पुढे ईयूत जाऊ शकणारा लाल मार्गाने. हिरव्यासाठी नोंदणीकृत विश्वासू व्यापारी असावं लागतं आणि खाद्यपदार्थांवर 'नॉट फॉर ईयू' छापावं लागतं. तपासणी हलकी झाली, संपली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकार परत आलं तेव्हा पहिल्यांदाच शिन फेनच्या (आयर्लंड एकत्र व्हावा म्हणणारा पक्ष) मिशेल ओनील फर्स्ट मिनिस्टर झाल्या.

स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी 'राहा' म्हटलं होतं आणि बाहेर नेला गेला. तिथल्या स्वातंत्र्याच्या मागणीला त्याने दारूगोळा दिला, पण मार्ग दिला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेस्टमिन्स्टरच्या (ब्रिटिश संसदेच्या) संमतीशिवाय सार्वमत घेता येत नाही. आणि स्वतंत्र स्कॉटलंड ईयूत गेला तर इंग्लंडशी त्याची सीमा कशी असेल, हा प्रश्न ब्रेक्झिटआधी होता त्याहून आता कितीतरी कठीण.

स्थलांतराचं तर विपरीतच झालं. ईयूमधून मुक्त ये-जा थांबली, गुणांवर आधारित व्हिसा आला, आणि २०२३ च्या पूर्वार्धापर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेलं, जवळजवळ सगळं ईयूबाहेरून. नियंत्रण हातात आलं होतं. काय करायचं ते मात्र ब्रिटिश सरकारनेच ठरवलं. २०१६ च्या मतदाराला हे कोणी सांगितलं नव्हतं.

---

दर्यावर्दी

इतर गटांबद्दल थोडक्यात.

ग्रीनलंड १ फेब्रुवारी १९८५ ला तेव्हाच्या युरोपीय समुदायातून बाहेर पडला. सार्वमत १९८२ चं. भांडण मासेमारीचं, लोकसंख्या पन्नास-एक हजार, मुद्दा जवळपास एकच, तरी तीन वर्षं. शेवटी युरोपीय बोटींना परवाने आणि ग्रीनलंडच्या माशांना शुल्काविना बाजार, अशी अदलाबदल झाली. ब्रिटनच्या मासेमारीचा शेवटही फार वेगळा नाही: ब्रिटिश पाण्यातल्या ईयूच्या कोट्यातला २५ टक्के भाग टप्प्याटप्प्याने ब्रिटनकडे आला, पण पकडलेल्या माशाचं मोठं गिऱ्हाईक ईयूच. त्यामुळे २०२५ मध्ये ईयूच्या बोटींना २०३८ पर्यंत मुदत मिळाली. पाणी तुमचं असलं तरी बाजार त्यांचा आहे.

व्हेनेझुएला २००६ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या अँडीयन गटातून बाहेर पडला. त्या करारात एक शहाणपणाचं कलम आहे: राजकीय हक्क लगेच संपतात, पण शुल्क-सवलती पाच वर्षं चालू राहतात. व्यापाऱ्यांना आवरतं घ्यायला वेळ मिळतो.

माली, बुर्किना फासो आणि नायजर २९ जानेवारी २०२५ ला इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटातून बाहेर पडले. तिन्ही देशांना किनारा नाही, माल आबिजान, लोमे, कोटोनू, डकारमार्गेच येणार. पण फरक हा की ते पश्चिम आफ्रिकी चलन संघात, म्हणजे सीएफए फ्रँक आणि समान दरपत्रकात, अजून आहेत, आणि आयव्हरी कोस्ट, टोगो, बेनिन, सेनेगल त्याच संघात आहेत. म्हणून धक्का मुख्यतः नायजेरिया आणि घानाच्या बाजूने. त्यांनी मार्च २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या मालावर ०.५ टक्के अधिभार लावला, तोच आधी झळकला. बाहेर पडताना दुसरी एखादी दोरी हातात असेल तर आर्थिक परिणाम किती वेगळा होतो, ते या तीन देशांत बघायला मिळेल.

---

गलबत (धागाकर्ता)

शेवटचा प्रश्न. १९ मे २०२५ ला लंडनच्या बैठकीत अन्नपदार्थांसाठी नवा करार करायचं ठरलं ना? तो झाला की कारकूनसाहेबांच्या चेडरची कटकट संपली का?

---

कारकून

अर्धी. ठरल्याप्रमाणे झालं तर आरोग्य प्रमाणपत्र जाईल, पशुवैद्याची सही जाईल, नारिंगी रांगेचं मुख्य कारण जाईल. ताजी सॉसेज आणि बियाण्याचे बटाटेही पुन्हा जाऊ शकतील. लहान उत्पादकाला हेच सर्वांत महाग पडत होतं. ब्रिटनकडे येणाऱ्या मालावर एप्रिल २०२४ पासून जी तपासणी सुरू झाली आणि डोव्हर व युरोटनेलमार्गे येणाऱ्या लहान खेपांवरही प्रति-वस्तू १० ते २९ पौंड आकारले जातात, तेही त्याबरोबर बरंचसं सुटेल.

राहील काय? ब्रिटनचं निर्यात डिक्लरेशन, फ्रान्सचं आयात डिक्लरेशन, मूळ-निवेदन, व्हॅट, जीएमआर. कारण हा अन्नसुरक्षेचा करार आहे, सीमाशुल्क संघ नव्हे. इनव्हॉइसवरचं ते वाक्य आणि त्यामागची फाइल तशीच लागणार. डीडीपीचा घोळ तर जराही हलणार नाही.

आणि किंमत: ईयूचे अन्नविषयक नियम बदलतील तसे ब्रिटनने बदलायचे, अर्थ लावण्यात शेवटचा शब्द युरोपीय न्यायालयाचा, खर्चात वाटा द्यायचा, आणि नियम घडताना मत मांडता येईल पण मतदान करता येणार नाही. सीमावर्तींनी वर तीन पर्याय सांगितलेत, त्यातला 'नियमच सारखे ठेवा' हा आहे, फक्त चीज-मटणापुरता. म्हणून निर्यातदाराने सध्या पशुवैद्याचा करार मोडू नये आणि पॅलेटचा शिक्का तर अजिबात विसरू नये.